प्लेटचा झोका

शहागंज, औरंगाबाद
१० जून १९७९

कय्युम चाचांना सारजाचा सलाम.

चाचा, त्या दिवशी क्लबच्या गोदामात तुम्ही ‘‘हौ, मेराच होंगा’’ असं का म्हणालात? सहा महिने मी हा प्रश्न धरून बसले आहे. गोळ्यांनी खड्डा पडलेली नेमबाजीची पोलादी प्लेट टेबलावर होती. तुम्ही ती उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी ठेवली, हात पँटला पुसले आणि एवढंच बोललात. ज्याची चूक नसते तो भांडतो, अशी माझी समजूत होती. तुम्ही भांडला नाहीत, म्हणून मी माझं खरं मानलं.

फहमिदा, चाचांना मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे तूच वाचून दाखवत असणार. सगळं वाच, मधलं गाळू नकोस. माझ्याबद्दल तुझ्या मनात काय असेल ते मला कळतं.

तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, ते आधी सांगते. अपघातानंतर क्लबकडं गेलेला कागद आण्णांचा नव्हता. तो मी लिहिला होता. आण्णा एवढंच म्हणाले होते, ‘‘गॅसनं कापलं की पोलाद मऊ पडतं, हे लहान लेकराला बी कळतं.’’ पुढचं सगळं माझं. गॅसनं कापताना उष्णता कडेपासून वीतभर आत गेली, तिथं पोलादाचं पाणी उतरून ते मऊ पडलं, गोळ्यांनी खड्डा पडला आणि त्या खड्ड्यातून उलटलेल्या गोळीच्या तुकड्यानं क्लबवर काम करणाऱ्या सांडूमामांचा डावा डोळा गेला, असं मी लिहिलं. उष्णता वीतभर जाते हे मी पुस्तकातल्या सूत्रावरून काढलं. प्लेटला हातसुद्धा लावून पाहिला नाही. खाली सही केली, ‘सारजा पुंजाराम पोपळघट, बी. एस्सी.’ बी. एस्सी.च्या खाली रेघ मारली.

रायफल क्लबच्या कमिटीत सुभेदार आप्पासाहेबांनी तो कागद मोठ्यानं वाचला आणि मग कुणी काही विचारलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. माझ्या लिहिण्यावर मोठी माणसं मान हलवतात, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. हे लपवलं तर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. महिन्याभरात तुम्ही गुलशनचाचींना आणि फहमिदाला घेऊन परभणीला गेलात. आण्णांनी आपल्या लोहारी दुकानाच्या पाटीवरचं तुमचं नाव चुना मारून झाकलं. पाऊस झाला की ते अजून खालून दिसतं.

आता कामाचं. क्लबला हिवाळ्यातल्या स्पर्धेसाठी बारा नव्या प्लेटा हव्या आहेत. परवा आप्पासाहेब दुकानात आले. तुमच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘‘पुंजाराम, प्लेटा तुझ्याकडूनच घेईन. पण आता नुसत्या शब्दावर नाही. कुठली चांगली, कुठली वाईट, ते गोळी घालून मोजून दाखव.’’

‘‘मोजायचं कसं साहेब?’’

‘‘तुझ्या बी. एस्सी.ला विचार.’’

आण्णांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ‘‘करंल ती. त्यात काय.’’

मी एक विचार केला आहे. प्लेट साखळ्यांना टांगायची. गोळी बसली की ती झोपाळ्यासारखी मागं जाईल. किती मागं गेली ते मोजलं की गोळीनं प्लेटला किती धक्का दिला ते कळेल. त्यासाठी साखळ्यांच्या दोन्ही टोकांना एकाच मापाचे हुक हवेत. आण्णांचे हुक भक्कम असतात, पण दोन सारखे नसतात. तुम्हीच त्यांना म्हणायचा, ‘‘लोहार, तेरे हुक सगे भाई नहीं, चचेरे हैं.’’ मापाचे हुक कसे वळवायचे, हे फहमिदाकडून दोन ओळींत कळवाल का?

या मापानं माझा कागद खरा ठरावा असं मला वाटतं. तुमच्यापासून हे लपवत नाही. तरीही तुम्हालाच विचारते आहे.

सारजा

---

शहागंज, औरंगाबाद
८ जुलै १९७९

चाचा,

मी वळवायची रीत विचारली होती, तुम्ही हुकच पाठवलेत. परभणीच्या एसटीचा कंडक्टर दुकानात येऊन विचारू लागला, ‘‘पुंजाराम मिस्त्रीचं हेच का? लई जड पुडकं हाय, मला वाटलं पेढे.’’ फडक्यात आठ हुक. आत फहमिदाची चिठ्ठी, ‘अब्बा म्हणतात एकाच मापाचे आहेत, तरी मोजून घे.’ मी मोजले. आठही एकाच मापाचे.

आण्णांनी एक हुक उचलला, उजेडाकडं धरला, पुन्हा फडक्यात ठेवला. ‘‘कुठून आले?’’ मी म्हटलं, परभणीहून. ते भट्टीकडं गेले. जेवताना आईला म्हणाले, ‘‘त्याला हितं ऱ्हाऊन करता आलं नसतं व्हय?’’ जसं काही तुम्ही हौसेनं गेलात.

यंत्राचं सांगते. पहिल्यांदा मी प्लेट दोनच साखळ्यांना टांगली. आप्पासाहेबांनी गोळ्या घातल्या. वरती लागली तर एक आकडा, खाली लागली तर दुसरा, कडेला लागली तर प्लेट गिरकीच घ्यायची. आप्पासाहेब हसून म्हणाले, ‘‘सारजे, ही तर पाळण्यातली पोर आहे. कुठंही हात लावला की वेगळंच हसते.’’ मला राग आला, पण बोलणं बरोबर होतं. दोन रात्री वही घेऊन बसले. मग प्लेट लोखंडी अँगलच्या चौकटीत बोल्टनं बसवली आणि चौकटीच्या चारी कोपऱ्यांना चार सारख्या साखळ्या लावल्या. आता गोळी वर बसो की खाली, प्लेट वाकडी न होता सरळ मागं जाते. मागच्या बाजूला, डावीकडं आणि उजवीकडं, पडद्याच्या रुळात सायकलची एकेक तार सरकती ठेवली आहे. प्लेट तार मागं ढकलते आणि स्वतः परत येते. तार तिथंच राहते. शेजारी शाळेतली फूटपट्टी. दोन्ही तारांची सरासरी धरायची. कॉलेजात पितळेच्या उपकरणांवर जे शिकले ते इथं भंगारातून होतं, हे पाहून मला जे वाटलं ते कुणाला सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

आण्णांना हे काही पटत नाही. ‘‘पोलाद घट्ट का मऊ, ते मला कानस सांगती. घट्ट आसंल तर कानस घसरती, मऊ आसंल तर धरती. त्याला झोका कशाला?’’ मी म्हटलं, मग त्या खड्ड्याच्या प्लेटला कानस लावून का पाहिली नाही? ते म्हणाले, ‘‘त्या प्लेटला मला हात लावायचा नाय.’’ ती क्लबच्या गोदामात कुलपात आहे. त्या दिवसापासून कुणीच तिला हात लावलेला नाही.

तुमचे हुक हातात घेतले आणि गेल्या वर्षीची खंडेनवमी आठवली. जायकवाडीच्या कामावरच्या जुन्या बुलडोझरचं पातं तुम्ही भंगारातून आणलं होतं, आणि त्यातून कापलेली पहिली प्लेट पूजेला मांडली होती. नव्या कामाच्या पहिल्या नगाच्या पाठीवर वेल्डिंगनं श्री घालायचा, ही आण्णांची रीत. ते म्हणाले, ‘‘औंदा श्री पोरगी घालंल. बी. एस्सी. झाली.’’ तुम्ही मला काच दिली, मनगट धरलंत. ‘‘जल्दी नक्को कर बेटा. लोहे कू पिघलने दे.’’ माझा श्री वाकडा आला. मी हट्टानं त्याच्यावरून आणखी दोनदा फिरवला, तेव्हा कुठं ठसठशीत दिसला. आण्णा बाजारभर सांगत होते. तुम्ही अर्धा पेढा मला दिलात आणि अर्धा वेल्डिंग मशीनच्या डोक्यावर ठेवलात.

पुढच्या वेळी आकडे कळवीन.

सारजा

---

शहागंज, औरंगाबाद
१९ ऑगस्ट १९७९

चाचा,

रोजे चालू आहेत. भट्टीपुढं तुम्हाला या दिवसांत कसं होतं ते मला माहीत आहे. उन्हाच्या वेळी आण्णा तुम्हाला मुद्दाम मोजमापाच्या कामाला बसवायचे आणि वर म्हणायचे, ‘‘आज मिस्त्री साहेब झालाय.’’

आकडे आले आहेत. ते तुमच्या उपयोगाचे आहेत, माझ्या नाहीत. फहमिदा, हा भाग सावकाश वाच.

घट्ट, सपाट प्लेटवर गोळी बसली की शिसं फुटून कडांकडं पसरतं, प्लेटच्या अंगालगत. गोळीनं आणला तेवढाच धक्का प्लेटला मिळतो. आम्ही नमुन्याला केलेल्या नव्या प्लेटांना तो आमच्या फूटपट्टीवर तेरा सेंटिमीटर येतो. पण जिथं खड्डा आहे तिथं शिसं खड्ड्याच्या भिंतीवरून वळून उलटं, गोळी घालणाऱ्याकडं येतं. तुम्ही उडी मारून हातगाड्यावर चढलात तर गाडा थोडा सरकतो. लगेच त्याच गाड्यावरून मागं उडी मारलीत तर तो आणखी सरकतो. तसंच इथं होतं. येताना एक धक्का, परत जाताना दुसरा. म्हणून जी प्लेट जास्त झोका घेते ती वाईट. ती तुकडे परत पाठवते.

आधी दुसरी एक जुनी प्लेट लावली. तीही तुम्हीच गॅसनं कापलेली, तेवढ्याच गोळ्या खाल्लेली. कुठंही मारा, तेरा. मग आप्पासाहेबांनी गोदामाचं कुलूप उघडून खड्ड्याची प्लेट बाहेर काढली. सगळ्यांना जाड फळ्यांच्या मागं उभं केलं, स्वतः फळीच्या फटीतून नेम धरला. मी प्लेटवर खडूनं नऊ चौकोन आखले होते. गोळ्या मोजूनच मिळतात, एका चौकोनाला एक. कडेच्या आठही चौकोनांना तेरा, फार तर साडेतेरा. मधल्याला सोळा. प्लेटच्या पुढ्यात पुठ्ठा टांगला होता, त्या एका गोळीनं त्याला सात भोकं पडली. मी ती भोकं पाहत राहिले. आप्पासाहेबांनी पुठ्ठा काढून गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली.

उष्णता कडेकडून आत गेली असती तर आधी कड मऊ झाली असती. कड घट्ट आहे. कड आणि खड्डा यांच्यामधली वीतभर जागाही घट्ट आहे. गॅसची उष्णता ती जागा ओलांडून मधोमध उडी मारून बसली, असं होत नाही. हे समजायला पदवी लागत नाही. मी वीतभर म्हणून लिहिलं, कारण खड्डा कडेपासून वीतभर आत होता. उत्तर आधी ठरवलं आणि त्याला पुरेल असं गणित केलं.

म्हणजे तुमच्या कापण्यात खोट नव्हती, चाचा.

घरी आल्यावर आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘यंत्र घरचं, आकडे बी घरचे. मधी जास्त गोळ्या लागत्यात, म्हणून आसंल.’’ मी दुसऱ्या प्लेटचं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मग पोलादच आतून तसलं आसंल.’’ कदाचित असेलही. पाणी फक्त मधेच कशानं उतरलं, हे मला सापडत नाही. तुम्हाला काही सुचतं का? आप्पासाहेबांना एवढंच सांगितलं आहे की नव्या प्लेटा चांगल्या आहेत. बाकीचं अजून बोलले नाही. हे चुकीचं आहे, मला कळतं. कारण सापडलं की सगळं एकदमच सांगीन, असं मी स्वतःला समजावते आहे.

सारजा

---

शहागंज, औरंगाबाद
९ सप्टेंबर १९७९

चाचा, चाची, फहमिदा,

ईद मुबारक. उशिरा लिहिते आहे. इथं या वर्षी आमच्या घरी शीरखुर्मा आला नाही. आई सकाळपासून मोठं पातेलं घासून तयार ठेवून बसली होती, सवयीनं.

फहमिदा, तुझं कार्ड मिळालं. ‘अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, पलटी करके देख. मग नमाजला गेले.’

दुसऱ्याच दिवशी सकाळी गोदामात गेले. प्लेट उलटी केली. मागं तेल आणि धूळ बसलेली होती. फडक्यानं पुसली आणि माझंच अक्षर वर आलं. चौकटीत बसवताना मी तीच बाजू बोल्टाकडं केली होती, चार वेळा तरी हात लागला असेल, तरी पाहिलं नाही. घरातल्या देवाकडं आपण रोज कुठं पाहतो, तसंच झालं. खिळ्यानं खड्ड्याची जागा मागं मोजून काढली. ती बरोबर श्रीच्या वेलांटीखाली येते, जिथून मी तीनदा फिरवला होता तिथं.

हातगाडी करून प्लेट दुकानात आणली. आण्णा म्हणाले, ‘‘हे कशाला आणलंस?’’ मी त्यांच्या पुढ्यात कानस ठेवली. बराच वेळ त्यांनी ती उचलली नाही. मग उचलली आणि कडेला लावली. गॅसनं कापलेल्या अगदी काठावर बोटभर धरली, पुढं घसरली. तशीच घसरत घसरत आत आले. मधे आल्यावर कानस बसली. मऊ लोखंडावर बसते तसा आवाज आला. त्यांनी हात थांबवला, पुन्हा घासलं. मग उलट बाजूच्या श्रीवर अंगठा ठेवून ते बसून राहिले.

‘‘त्यानं पाहिलं व्हतं हे?’’

‘‘हो. त्या दिवशी उलटी करून पाहिली होती.’’

‘‘अन् बोलला नाय.’’

‘‘नाही.’’

‘‘वेल्डिंगनं पाणी उतरतं, हे मला म्हाईत नाय व्हय? तीस वर्सं लोखंड बडवतोय.’’ मग म्हणाले, ‘‘श्री हाय म्हणल्यावर तिकडं ध्यानच गेलं नाय. पूजेचं काम ते. पूजेनं कुठं लोखंड बिघडतं.’’

चाचा, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत ते आता मला समजलं. तुम्ही माझा श्री पाहिलात आणि प्लेट सुलटी केलीत. आण्णांना लाज वाटू नये म्हणून, की माझ्या नावापुढं पदवी नुकतीच कुठं लागली होती म्हणून, की पूजेच्या अक्षरावर बोट ठेवणारे तुम्ही ठराल आणि भलतंच काही होईल म्हणून? की माझं मनगट तुम्ही धरलं होतं, म्हणून ते तुम्हाला खरोखर आपलंच वाटलं? मला सांगता येत नाही. तुम्हीही सांगणार नाही बहुतेक.

पण तुमच्यावर मी रागावलेही आहे, तेही लिहिते. तुम्ही बोलला असतात तर मी तेव्हाच शिकले असते. तुम्ही मला लहान धरलंत. कागद मोठ्या माणसाचा मानला गेला, चूक मात्र लेकराची मानून पोटात घातलीत. दोन्ही कसं चालेल?

आण्णा म्हणतात, आता गप ऱ्हा. नव्या प्लेटांवर श्री नाही, त्या चांगल्या आहेत, कुणाला धोका नाही. कय्युमचं तिकडं बरं चाललंय. कमिटीला कळलं तर बारा प्लेटांचं काम जाईल, आणि दुकानात सध्या दुसरं मोठं काम नाही, हे खरं आहे. रात्री झोपताना मात्र म्हणाले, ‘‘लिहायचंच आसंल तर माझं नाव घाल. श्री मी घालाया लावला. तुझी शिकलेल्याची सही खराब करू नको.’’

मी अजून काही ठरवलेलं नाही, असं लिहिणार होते. पण लिहिताना दिसतं आहे की ठरलेलंच आहे. फक्त आधी सांडूमामांना सांगायला हवं. कमिटीच्या आधी त्यांना.

सारजा

---

शहागंज, औरंगाबाद
३ ऑक्टोबर १९७९

चाचा,

सांडूमामा आता क्लबवर येत नाहीत. वेरूळच्या रस्त्याला त्यांचं गाव आहे, तिथं घरीच असतात. मी एसटीनं गेले. ते अंगणात दोर वळत होते. मान थोडी डावीकडं फिरवून बघतात आता, म्हणजे उजव्या डोळ्यासमोर माणूस येतं. द्वारकाबाई, त्यांच्या मंडळी, चहा आणताना म्हणाल्या, ‘‘एका डोळ्यानं बी तेवढाच चहा लागतो अन् भांडण बी तेवढंच जमतं, काळजी करू नको.’’

मी सगळं सांगितलं. श्रीचं, कागदाचं, झोक्याचं. त्यांनी दोर वळणं थांबवलं नाही. मी म्हटलं, मामा, चूक माझी आहे. ते म्हणाले, ‘‘डोळा गेला तो गेला. तो कुणाच्या नावावर मांडला म्हणून माघारी येतो व्हय?’’

मला वाटलं एवढंच. उठायला लागले तेव्हा म्हणाले, ‘‘कय्युम मिस्तरी दवाखान्यात आलता. डाळिंबं घेऊन. मी भिंतीकडं तोंड केलं. तो लई येळ उभा व्हता, मग डाळिंबं खाटंखाली ठेवून गेला. ती मी झाडूवाल्याला देऊन टाकली.’’ दोर सुटला होता, तो त्यांनी पुन्हा पायाच्या अंगठ्यात धरला. ‘‘ते चुकलं माझं. त्याला लिहितीस ना? लिही.’’

लिहिलं.

यंदाच्या खंडेनवमीला आण्णांनी हत्यारं मांडली. हातोडे, सांडस, कानस. मग माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तुमचा गॅस कटर. मला वाटलं होतं तो त्यांनी विकला. नळीला तेल लावलेलं, पितळ पुसलेलं. नऊ महिने ते त्याला तेल लावत होते आणि घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, ‘‘आवं, हे?’’ ते म्हणाले, ‘‘पोलीस ॲक्शनच्या साली निजाम गेला, तवा त्याच्या बापाची हत्यारं माझ्या बापानं पिशोरला भात्याखाली पुरून ठेवली व्हती. एकाला बी गंज नव्हता. मी काय पोत्यात गंजू देऊ?’’ कटर त्यांनी मधोमध मांडला.

नव्या प्लेटांपैकी पहिली पूजेला होती. आण्णांनी सवयीनं वेल्डिंगच्या काचेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी फळ्यावरचा खडू घेतला आणि श्री खडूनं लिहिला. त्यांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. ‘‘पुसून जाईल,’’ आई म्हणाली. आण्णा म्हणाले, ‘‘जाऊ दे. दर साली लिहील.’’

दसऱ्याला क्लबवर शस्त्रपूजा असते, सगळे सभासद असतात. मी आप्पासाहेबांना आदल्या दिवशी माझा नवा कागद दाखवला होता, सगळी चूक कबूल केलेला. त्यांनी दोनदा वाचला. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, ‘‘पोरी, मजकूर राहू दे. सहीतली पदवी तेवढी खोड. नुसतं नाव असलं की लोक म्हणतील, पोरगी आहे, चुकली. पदवी असली की म्हणतील, शिकून काय उजेड पाडला. उद्या कॉलेजात नोकरी मागायला जाशील, हेच लोक तिथं बसलेले असतील.’’ मी रात्री विचार केला. पहिला कागद लोकांनी पदवीकडं बघून खरा मानला होता. त्यावर तुमचं गाव सुटलं.

दसऱ्याला पूजा झाल्यावर मी उभी राहिले आणि कागद वाचला. आण्णा सगळ्यांच्या मागं उभे होते, प्लेट पाठीवर घेऊन. हातगाडीवालासुद्धा बोलावू न देता ती स्वतः शहागंजातून आणली होती त्यांनी. एका सभासदानं विचारलं, ‘‘मग मिस्त्रीनं त्या वेळी कबूल का केलं?’’ मी म्हटलं, मला सांगता येत नाही. आण्णांनी प्लेट टेबलावर ठेवली, उलटी, श्री वरती. म्हणाले, ‘‘कय्युमचं कापणं चोख व्हतं. आत्ता बी बघा, कडा बघा.’’ दोन-तीन जणांनी खरंच कडेवरून बोट फिरवलं.

बारा प्लेटांचं काम गेलं. कमिटीनं ठरवलं की या वर्षी बाहेरून मागवाव्यात. झोका मात्र क्लबनं ठेवून घेतला आहे. बाहेरून आलेली प्लेटही त्यावर मोजूनच घ्यायची, असं ठरलं. तुमचे आठ हुक तिथंच आहेत.

आज सकाळी आण्णा शिडी लावून पाटीवरचा चुना खरवडत होते. मी मदत केली नाही, त्यांनी मागितलीही नाही.

मी काही मागायला हे पत्र लिहीत नाही. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवाल. कागदाची नक्कल सोबत आहे. मूळ कागद क्लबच्या फायलीत पहिल्या कागदाच्या वर लावला, मी स्वतः टाचणी मारली. फहमिदा, नक्कल वाचून झाली की खालची सहीही वाच, पूर्ण. पदवी मी खोडलेली नाही.

सारजा